मनगटाच्या आतलं घड्याळ

“काय बघताय? माझंच हाय. माझ्या पगाराचं.”

समोरच्यानं काही विचारायच्या आतच आमच्या सिस्टर हे वाक्य टाकायच्या. त्याची नजर त्यांच्या मनगटाकडे वळली एवढं पुरे. वाक्य टाकून पेशंटची नाडी धरायच्या आणि स्वतःचं मनगट उलटं करायच्या. घड्याळाची तबकडी त्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवत. वरून पाहणाऱ्याला चामड्याचा पट्टा तेवढा दिसे. नाडी मोजताना त्यांचे ओठ हलायचे, कपाळाला आठी पडायची आणि तेव्हा कुणी मध्ये बोललं की त्याची धडगत नसे. एकदा खुद्द सरपंच खाकरले, तर त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, “थांबा, माणूस मोजतीय.”

जामखेड तालुक्यातल्या एका गावी सरकारी दवाखान्यात मी तेव्हा कंपाउंडर होतो. बाटलीवर डोसाच्या मापासाठी कागदाच्या खाचा चिकटवायच्या आणि लाल नाहीतर पिवळं मिक्श्चर भरून द्यायचं, हे माझं काम. डॉक्टरसाहेब नगरच्या मीटिंगांना जास्त आणि दवाखान्यात कमी असत. त्यामुळे दवाखाना चालायचा तो सिस्टरच्या जिवावर. साल एकाहत्तर-बहात्तरचं. गावात मनगटी घड्याळं बोटांवर मोजण्याइतकी, ती सगळी पुरुषांच्या हातात आणि त्यातली बरीचशी सासऱ्यांच्या पैशाची. हे ध्यानात ठेवा, म्हणजे मला राग का येतो ते कळेल. या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली, पण सांगायला बसलो की माझं डोकं अजून तापतं.

त्या घड्याळाबद्दल गावाला एकच प्रश्न पडायचा. कुणी दिलं? केवढ्याला घेतलं, कुठून घेतलं, असं कुणी विचारत नसे. बाईच्या हातात एवढं भारी, तेही पुरुषी घड्याळ, म्हणजे कुणीतरी दिलेलं असणार. कुणी डॉक्टरांचं नाव घ्यायचं, कुणी म्हणायचं, नगरला मिलिटरीतला कोणी आहे. माझ्या बायकोनंही एकदा भाकरी थापता थापता सहज विचारलं, “तुमी तर न्हाई ना दिलं?” माझ्या पगारात त्या घड्याळाचा पट्टा आला असता की नाही याचीच मला शंका होती, ते मी तिला सांगितलं. तेव्हा कुठे तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

सिस्टरचं लग्न लहानपणीच झालं होतं. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडलं. आईवडील लवकर गेले. पदरात धाकटी बहीण, कुसुम. सिस्टर नगरला जाऊन नर्सिंग शिकल्या, नोकरीला लागल्या आणि दवाखान्यामागच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्यांनी कुसुमला वाढवलं, शाळेत घातलं. बोलायला तिखट. पण रात्री-बेरात्री आलेल्या बाळंतिणीला स्वतःच्या घरचा शिरा करून घालायच्या आणि वर दम द्यायच्या, “गप खा, सरकारी हाय.”

घड्याळ घेतलं तेव्हा मी बरोबर होतो. औषधांचा साठा आणायला आम्ही दोघं नगरला जायचो. काम झालं की सिस्टर कापड बाजाराच्या अंगाला असलेल्या एका घड्याळाच्या दुकानापुढे उभ्या राहत. नगर मिलिटरीचं गाव. कॅम्पातले साहेब लोक बदली झाली की सामान विकून जायचे, तसं कुणाचं तरी एक स्विस घड्याळ त्या दुकानात विकायला आलेलं. पोलादी अंग, पांढरी तबकडी, आकड्यांपाशी रेडियमचे ठिपके आणि बारीक, लांब सेकंदकाटा. बाहेरचा नवा माल तेव्हा चोरूनमारूनच यायचा, त्यामुळे अशा जुन्यालाही भाव असे. दुकानदार दर वेळी ते काचेतून काढायचा, सिस्टर कानाला लावायच्या, परत ठेवायच्या.

“बायकांचं नाजूक घड्याळ घ्या की,” मी एकदा म्हणालो होतो.

“त्यात येळ दिसत न्हाई, कंपाउंडर. नुसतं घड्याळच दिसतं,” त्या म्हणाल्या. “सेकंदकाटा न्हाई तर मी मोजू काय, बांगड्या?”

पैसे कुठून आले, तेही सांगतो. कारण गावाला तेच खरं वाटत नव्हतं. नर्सबाईंना गणवेशाच्या धुलाईचा भत्ता मिळायचा. बाकीच्या तो परटाला देत. सिस्टर आपली पांढरी पातळं विहिरीवर स्वतः धूत, तांब्यात निखारे भरून इस्त्री करत आणि तो भत्ता जसाच्या तसा भिशीत टाकत. दोन-अडीच वर्षं मी त्यांच्या हाताला साबणानं पडलेल्या चिरा पाहिल्या आहेत. त्या हातात ते घड्याळ आलं होतं. मग कुणी “कुणी दिलं” विचारलं की त्यांनी पेटू नये तर काय करावं?

घेतलं त्या दिवशी दुकानदारानं पट्टा हातात धरून विचारलं, “साहेबांचं मनगट केवढं आहे?” सिस्टरनी स्वतःचा हात त्याच्यापुढे केला. तो माझ्याकडे बघायला लागला. मी आढ्याकडे बघायला लागलो. शेवटी बाहेर बसलेल्या चांभाराकडून पट्ट्याला आणखी भोकं पाडून घेतली, तेव्हा ते घड्याळ त्यांच्या हातावर बसलं. परतीच्या एसटीत त्या हात मांडीवर उताणा ठेवून बसल्या होत्या. तिकीट काढतानाही तो हात त्यांनी उचलला नाही.

कुसुमला स्थळ आलं ते दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात. मुलगा कर्जतकडचा, प्राथमिक शाळेत मास्तर. त्याला अहोजाहो करायची माझी इच्छा नाही, म्हणून नुसता ‘तो’ म्हणतो. मुलगी बघायला तो, त्याचा बाप आणि दोन पाव्हणे आले. सिस्टरकडून बोलायला कुसुमचा मामा होता. मी दवाखान्यात होतो. तिथे काय झालं ते मला पुढे मामानंच सांगितलं, आणि सांगताना त्याची मान खाली होती.

चहा चालला होता. मुलाच्या बापानं सहज विचारलं, “किती वाजलं?” सिस्टरनी सवयीनं मनगट उलटं केलं आणि वेळ सांगितली. तबकडी आतल्या बाजूला, त्यामुळे ती नेमकी पाव्हण्यांच्या तोंडासमोर आली. बापानं घड्याळ पाहिलं, लेकाकडे पाहिलं. लेकानं मान हलवली. तेवढ्यात वस्तीवरून अडलेल्या बाळंतिणीचा निरोप आला आणि सिस्टर पिशवी उचलून तशाच निघून गेल्या. त्यांची पाठ वळल्यावर बाप म्हणाला, “मुलगी पसंत हाय. घड्याळबी पसंत हाय. आदीच घेऊन, चालवून बगितलं, हे ब्येस केलं बाईनं.”

कळलं ना? नवऱ्या मुलाला मांडवात घड्याळ चढवायची रीत. ते आधी आणून ठेवायची, पाव्हण्यांच्या नजरेखालून घालायचीही रीत. त्यात बाईच्या हातात पुरुषी घड्याळ. ते लोक सरळ धरूनच चालले की हे नवरदेवाचं घड्याळ आहे आणि ते बंद पडू नये म्हणून मेहुणी तेवढ्यापुरतं वागवते आहे. बाईनं स्वतःसाठी ते घेतलं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. आणि आमचे मामा? ते गप्प राहिले. “बोललो असतो तर स्थळ गेलं असतं, कंपाउंडर,” असं मला म्हणाले. सिस्टरनाही त्यांनी काही सांगितलं नाही. लग्नात काहीतरी होईल मार्ग, असं त्यांना वाटलं. आपल्याकडे निम्मी वाटोळी या ‘होईल मार्ग’नंच होतात.

लग्न आमच्याच गावी लागायचं होतं. वऱ्हाड शाळेच्या खोल्यांत उतरलं होतं. मांडवात अक्षता वाटून झाल्या, भटजी घाई करायला लागले आणि जानवशाहून निरोप आला की नवरदेव रुसलाय.

रुसलेला नवरदेव तुम्ही पाहिला असेल. तो काही मागत नाही. मागितलं तर मागणारा ठरेल ना! तो नुसता तोंड पाडून भिंतीकडे बघत बसतो. काय हवं ते बाकीच्यांनी ओळखायचं. मग मुलीकडची माणसं एकेक वस्तू घेऊन धावतात. त्या दिवशी आम्ही नवे बूट नेले, तो बघेना. अंगठी नेली, बघेना. कुणाचा तरी ट्रान्झिस्टर नेऊन पुढ्यात ठेवला, तर त्यानं मान आणखी वळवली. बाप तिथेच पान जमवत बसला होता. “पोर लई मानी हाय,” तो म्हणाला, “तुमचं तुमी समजून घ्या.” मला त्याच्या हातातला अडकित्ता हिसकावून घ्यावासा वाटला.

मुहूर्त टळायला आला तेव्हा मामाला घाम फुटला आणि मांडवामागे त्यानं सिस्टरना सगळं सांगून टाकलं. सिस्टर ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा पांढरा झाला, मग लाल झाला. आत कुसुम हळद लागलेल्या अंगानं, मुंडावळ्या बांधून बसली होती. तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, “चला, कंपाउंडर.”

त्या काळात मांडवातून परतलेल्या मुलीचं पुढे काय होतं, हे सिस्टरना कुणी सांगायची गरज नव्हती. माघारी आलेल्या मुलीचं जिणं त्यांनी स्वतः काढलं होतं. त्यांना घेरलं होतं ते असं, आणि घेरणाऱ्यांनी एक शब्द तोंडातून काढला नव्हता.

शाळेच्या खोलीत शिरल्या आणि त्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

“काय पायजे?”

त्यानं भिंतीवरची नजर हलवली नाही.

“तोंडानं मागा. ‘तुमच्या पगाराचं घड्याळ मला पायजे’ म्हना. एवढी मानसं हायत, त्यांच्यासमोर म्हना. लगेच देते.”

बापाचं पान हातातच राहिलं. मला आशा वाटायला लागली की आता याला लाज वाटेल. शिकलेला माणूस, मुलांना शिकवणारा. त्यानं काय करावं? भिंतीकडेच बघत त्यानं डावा हात हळूच पुढे केला. तोंडातून चकार शब्द नाही. नुसतं मनगट पुढे.

सिस्टरनी घड्याळ सोडलं. त्याच्या हातावर चढवलं, आपल्या पद्धतीनं, तबकडी आत. चांभारानं पाडलेली भोकं सोडून पहिल्या भोकात पट्टा अडकवला. मग हात सोडायच्या ऐवजी त्याच मनगटावर तीन बोटं ठेवली आणि त्याच घड्याळात बघत त्या नाडी मोजायला लागल्या. वऱ्हाड तोंड उघडं टाकून बघत होतं. पुरतं मोजून झाल्यावर मोठ्यानं म्हणाल्या, “नाडी लई पळतीय हो नवरदेवाची! भिऊ नका. बायको मिळतीय, ती बी नुसती न्हाई, घड्याळासकट.”

पोरंसोरं खो खो हसली. वऱ्हाडातलेही काही हसले. त्या हसण्याचा सूड त्या घरानं पुढे कुसुमवर उगवला. लग्न लागलं, जेवणं झाली, वरात गेली. दुसऱ्या दिवशी सिस्टर नेहमीच्या वेळेला कामावर आल्या. पहिल्याच पेशंटची नाडी धरली, मनगट उलटं केलं आणि तिथे उन्हानं न रापलेला पांढरा पट्टा होता. त्यांनी तोंड फिरवलं. मी मिक्श्चरच्या खोलीत जाऊन बाटल्या उगाच आपटल्या.

दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ मी रुजू व्हायच्या आधीपासून बंद होतं. ते दुरुस्त व्हावं म्हणून सिस्टर लिहीत राहिल्या, आणि वरून ‘तरतूद नाही’ एवढंच येत राहिलं. डॉक्टरसाहेबांच्या हातात घड्याळ होतं, पण साहेबच नसत. मी माझं काढून दिलं, बिनसेकंदकाट्याचं. सिस्टरनी ते कानाला लावलं, हलवलं आणि परत दिलं. “हे तुमच्यासारखंच हाय, कंपाउंडर. मनानं चांगलं, पन मागं पडतंय.”

मग दुष्काळ पडला. रस्त्याच्या कामांवर बाया भर उन्हात खडी फोडायच्या. कुणाला चक्कर यायची, कुणाला हगवण, कुणाचं अंग तव्यासारखं तापलेलं. बैलगाडीत घालून आणायचे. सिस्टर नाडी धरायच्या, मनगट उलटं करायच्या, काही नाही हे आठवायचं, मग डोळे मिटून तोंडानंच आकडे मोजायच्या. सेकंदाचा अंदाज जिभेवर. बरोबर येतंय का, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर असायची. एखादी बाई गेली की त्या रात्रभर विचारत राहायच्या, “कंपाउंडर, मी मोजायला चुकले का हो?” आणि तिकडे कर्जतकडे ते घड्याळ एका माणसाच्या हातावर बाजार फिरत होतं. माझा राग तुम्हाला जास्त वाटतोय का? वाटू द्या.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सासरच्यांनी कुसुमला आणून सोडलं. ती वाळली होती. माहेरची नर्सबाई आणि तिचं ते बोलणं, याचा हिशेब तिच्याकडून चुकता केला जात होता. दोघी रात्री एकाच अंथरुणावर झोपायच्या, एवढं मला माझ्या बायकोनं सांगितलं.

कुसुमच्या कळा सुरू झाल्या त्या दिवशी तो योगायोगानं आलेला होता. भर दुपार. डॉक्टरसाहेब अर्थातच नगरला. तो व्हरांड्यात बाकावर बसून होता, पांढरी विजार, डोक्याला तेल, आणि ते घड्याळ आता तबकडी वर करून, बाही दुमडून. आत कुसुम ओरडायची तेव्हा तो रस्त्याकडे बघायचा.

बराच वेळ गेला. आतून सिस्टरचा आवाज आला, “कंपाउंडर! त्यांच्या हातातलं घड्याळ आना. लगेच!” पोटाला लाकडी नळी लावून त्या बाळाचे ठोके ऐकत होत्या. ते मंदावतायत असं त्यांना वाटत होतं. पण वाटण्यावर सख्ख्या बहिणीला कात्री लावून बाळाची वाट मोठी करायची, तर सेकंदकाटा समोर हवा होता.

मी त्याच्यापुढे हात केला. “घड्याळ.”

त्यानं दुसऱ्या हातानं ते झाकलं. “कशाला?”

“तुझ्या पोराचा जीव मोजायला!” मी ओरडलो. जावईबिवई मी काही पाहिलं नाही.

त्यानं ते सावकाश सोडलं. देताना म्हणाला, “जपून.” मी घेतलं आणि पाहिलं तर घड्याळ बंद. मला वाटलं, यानं मोडलं. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो म्हणाला, “मी चावी देत न्हाई. रोज चावी दिली की आतलं झिजतं. लग्नकार्यातच चालवतो.”

म्हणजे तेवढे दिवस त्यानं ते बंद ठेवून हातावर वागवलं होतं. खडी फोडणाऱ्या बाया डोळ्यांपुढे जात होत्या, सिस्टर जिभेवर सेकंद मोजत होत्या, आणि घड्याळ झिजू नये म्हणून बंद होतं! त्या माणसाच्या कानाखाली मी वाजवली नाही, कारण माझे दोन्ही हात चावी फिरवत होते. चार वळसे दिले आणि सेकंदकाटा निघाला. चांगली वस्तू, मान ठेवणारी. वाजले किती याच्याशी कुणालाच घेणं नव्हतं. मी दारातून घड्याळ आत धरलं, तर सिस्टर म्हणाल्या, “हातावर बांधा माझ्या. आत.” मी तबकडी आत करून पट्टा आवळला. बरोबर त्या चांभाराच्या भोकात.

मी बाहेर आलो. मग सिस्टरचा आवाज आला, “कुसे, मी कापतीय. ओरड हवी तेवढी.” कुसुम ओरडली. त्यानंतर जी शांतता झाली ती मला नको झाली होती. आणि मग पोर रडलं.

नाळेचा वेढा गळ्याला होता. आणखी थांबल्या असत्या तर पोर गेलं असतं, असं सिस्टरनी मला पुढे सांगितलं.

त्या दारात आल्या तेव्हा कोपरापर्यंत रक्तानं भरलेल्या होत्या. “मुलगी हाय,” त्या म्हणाल्या. “दोघी बऱ्या हायत.”

तो उठला. दाराशी दवाखान्यातल्या चार बाया होत्या, मी होतो. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, “माझं घड्याळ?”

बायको कशी आहे ते नाही. मुलगी कुणासारखी दिसते ते नाही. एक म्हातारी तिथल्या तिथे थुंकली.

सिस्टर मात्र चिडल्या नाहीत. मला तर वाटलं, त्या हसल्याच. “मागितलं का शेवटी तोंडानं?” त्या म्हणाल्या. “बरं झालं. रुसलेल्याला न्हाई म्हनता येत न्हाई, मास्तर, त्यानं कुटं काय मागितलेलं असतं? तोंडानं मागनाऱ्याला येतं. न्हाई देनार.”

“मग बहीन ठेवा तुमच्याकडंच,” तो म्हणाला.

आतून कुसुमचा आवाज आला. लग्न झाल्यापासून तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. “ताई, न्हाईच म्हन!”

तो तसाच पायऱ्या उतरून गेला. पोरीचं तोंडही न बघता.

बारसं आम्हीच केलं. माझ्या बायकोनं पाळणा म्हटला. सासरहून निरोप यायचे, ‘घड्याळासकट पाठवा’. सिस्टर निरोप्याला पाणी द्यायच्या, मनगट उलटं करून बघायच्या आणि म्हणायच्या, “एसटीची येळ झाली तुमची.” पण हे सगळं हसण्यावारी गेलं असं समजू नका. पाणवठ्यावर कुसुमला बाया जागा देईनाशा झाल्या. नर्सबाईनं घड्याळापायी बहिणीचा संसार मोडला, असं गाव म्हणायचं. त्यानं मोडला असं म्हणायला एकही जीभ उचलत नव्हती.

पाऊसपाणी झाल्यावर, पोरगी रांगायला लागल्यावर तो आला. एकटाच. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, “कुसुमला पाठवा म्हनून इचारायला आलोय.” सिस्टर म्हणाल्या, “तिला इचारा.” कुसुमनं दोन दिवस घेतले आणि गेली. मला फार राग आला. मी सिस्टरना म्हणालो, जाऊ कशी दिली? त्या पातळाला इस्त्री करत होत्या. “तिचं तिनं ठरवलं, कंपाउंडर. मी ठरवलं असतं तर माझ्यात आन् मामात फरक काय?” मला पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही.

पुढच्या वर्षी सिस्टरची बदली झाली, पार अकोले तालुक्यात, आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. जामखेडच्या स्टँडवर आम्ही पोचवायला गेलो. पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि त्या. कुसुमही आली होती, कडेवर पोरगी. तोही आला होता, लांब रसाच्या गुऱ्हाळापाशी खिशात हात घालून उभा. उघडं मनगट लपवत असावा.

पोरगी मावशीच्या कडेवर गेली आणि तिनं पहिल्यांदा घड्याळच धरलं. सिस्टरनी ते काढून तिच्या कानाला लावलं. टिकटिक ऐकून तिनं डोळे मोठे केले, मग मुठीत असं पकडलं की सुटेना. एसटी लागली. कंडक्टर ओरडायला लागला. आम्ही सगळे बघत होतो. लांबून तोही बघत होता. मला खात्री वाटली की आता सिस्टर म्हणणार, राहू दे पोरीला. असंच होतं ना शेवटी? बाईनं घेतलेली वस्तू कुणाला तरी द्यायचीच असते.

सिस्टरनी तिची एकेक करून बोटं सोडवली. पोरीनं भोकाड पसरलं.

“रड,” त्या म्हणाल्या. “तोंडानं मागतीयस, गुनाची हायस. पन हे माजं हाय. मोठी झालीस की तुझं घे, तुझ्या पगाराचं.” तिचा एक मुका घेतला, तिला कुसुमकडे दिलं आणि त्या एसटीत चढल्या.

त्यानंतर त्या मला भेटल्या नाहीत. त्यांच्या जागी दुसऱ्या सिस्टर आल्या, चांगल्या होत्या, नाडी बघताना मला हाक मारून वेळ विचारायच्या. भिंतीवरचं घड्याळ मी रिटायर होईपर्यंत बंदच होतं.

पण ती एसटी मला दिसते. गाडी हलली, तशी खिडकीच्या गजांतून सिस्टरचा हात बाहेर आला. पोरगी अजून रडत होती. सिस्टरनी तिच्याकडे बघून हात हलवला आणि मग तोच हात डोळ्यांसमोर नेऊन उलटा केला. गाडी उशिरा सुटली होती. आतून त्या कंडक्टरला काहीतरी सुनावत होत्या, ते आम्हाला ऐकू आलं नाही.